काळूरावाची तिसरी फांदी

"आला, आला," कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे पिंडापासून मागं सरकलो.

कावळा पिंपळाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर बसला होता. मान वाकडी करून पिंडाकडं बघत होता, पण खाली येत नव्हता. ऊन चढलं होतं. घाटाच्या फरशीवर पाय ठेवला की चटका बसत होता. माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

मुकुंद तांबटाचं दहावं होतं. मुकुंद माझा शेजारी. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान थोरल्या भावाबरोबर चालवायचा, घरही दोघांचं एकच. दुकानाच्या पायरीवर चहा पिता पिता छातीत कळ आली आणि तिथंच गेला. मागं बायको शालन आणि चौथीतली मुलगी जाई. आमच्या गावात बायकाही दहाव्याला नदीवर जातात. पुरुष पुढं, बायका मागं, एवढंच. बायकांत मी पुढं होते आणि मायलेकी माझ्या पाठीशी.

"काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "जवळच्या कुणीतरी वचन द्या. म्हणजे शिवेल."

थोरला भाऊ विश्वनाथशेठ पुढं झाला. त्यानं हात जोडले. गळा काढायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यानं तो बरा जमवला.

"मुकुंदा, शालनला काही कमी पडू देणार नाही."

कावळा उडाला. आता खाली येणार म्हणून आम्ही पिंडाकडं बघू लागलो. तो एक फांदी वर जाऊन बसला.

"मुकुंदा, दुकानाच्या पाटीवर तुझं नाव आहे तसंच राहील."

कावळा आणखी एक फांदी वर.

भटजींना पलीकडच्या गावात दुसरं दहावं होतं. ते म्हणाले, "मुलीचं बोला की शेठ. बापाचा जीव लेकीतच अडकला असणार."

"मुकुंदा, जाईला पोटच्या पोरीसारखी सांभाळीन. एक दिवस डोळ्याआड होऊ देणार नाही."

कावळा तिसरी फांदी वर चढला आणि माझ्या पाठीमागं कुणीतरी हसलं.

साधं हसणं नव्हतं ते. आधी नाकातून फुस्स झालं, मग पितळी तांब्या घाटाच्या पायऱ्यांवरून घरंगळत जावा तसा खळखळाट, आणि शेवटी उचकी लागावी तसा आत ओढलेला श्वास. सगळा घाट वळला. मीही वळले. जाई आईच्या पुढं येऊन उभी होती, दोन्ही हात तोंडावर. शालनची मान खाली आणि पदराचा बोळा तोंडात.

"मी हसले," जाई म्हणाली. अजून कुणी विचारलंही नव्हतं.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या दहाव्याला गेले.

त्यानंतर गावात दुसरा विषय नव्हता. बापाच्या पिंडासमोर पोर हसते म्हणजे काय? कुणी म्हणालं धक्का बसलाय, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल. दोन दिवसांनी विश्वनाथशेठला जाईच्या दप्तरात एक पुस्तक सापडलं आणि सगळ्यांची सोय झाली. 'काळूराव हजर', भाग पाचवा. मेलेला उंदीर धरावा तसं ते दोन बोटांत धरून शेठ गावभर फिरला.

ही पुस्तकं तेव्हा आमच्या वाचनालयात नवी आली होती. एकूण सात भाग. पोरांच्या त्यावर उड्या पडत. प्रत्येक भागात पहिल्याच पानावर एकजण मरतो, तोही काहीतरी येडपटासारखा, आणि मग काळूराव नावाचा कावळा त्याच्या दहाव्याला जातो, एवढं मला ऐकून माहीत होतं. वाचलं नव्हतं. वाचणार कधी? मी वाचनालयाच्या दाराशी फुटाणे-शेंगदाण्याची पाटी घेऊन बसायचे. साठीला टेकले तेव्हा साक्षरतेचे वर्ग निघाले आणि त्याच वाचनालयाच्या व्हरांड्यात मला अक्षरं आली. पण वर्गात आम्हाला जी पुस्तकं देत, त्यांत हात धुवा, संडास बांधा, पाणी गाळून प्या, याखेरीज काही नसे. माणूस साठाव्या वर्षी वाचायला शिकतो तो कशासाठी, हा प्रश्न ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना पडला नसावा. त्यांना आम्ही अंगठेबहाद्दर म्हणजे न धुतलेले हात वाटत होतो.

एके दिवशी पाटीपुढं पाटणकर सर उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष. फुटाणे कधी घेत नसत, पण एक-दोन चाखून बघत.

"हौसाक्का, रविवारी वाचकांची सभा आहे. त्या पुस्तकांवर सगळ्यांनी अभिप्राय द्यायचे. तुम्हीही बोलायचं."

"मी काय बोलू, सर? मी ती वाचलीच न्हाईत."

"वाचायची गरज नाही. मी लिहून आणलंय." त्यांनी घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "नवसाक्षर आजी स्वतः वाचून दाखवते म्हटल्यावर परिणाम वेगळाच होतो. वर्तमानपत्राचा माणूसही येणार आहे."

"आणि जाईचं काय व्हनार?"

"ते त्यांच्या घरचं. पण विश्वनाथशेठ सभेच्या मताबाहेर जाणार नाहीत. त्यांनी मुलींचं एक निवासी विद्यालय बघून ठेवलंय. लांब आहे, पण शिस्त कडक. सभेनं म्हटलं की पुस्तकांनी पोर बिघडली, तर सोमवारी तिला नेऊन सोडतील. तिच्याच भल्यासाठी."

तिच्या भल्याचं मला कौतुक वाटलं. विश्वनाथशेठच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरच्या मजल्यावरची जाईची खोली त्याला हवी होती, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण भावाची पोर घराबाहेर काढली असं कुणी म्हणायला नको. ते काम गावानं करून द्यायचं होतं.

शालनकडं गेले. ती दाराशी तांदूळ निवडत होती. दहाव्यापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. जाई तर आईच्या पाठीला पाठ लावून बसलेली असायची.

"गं शालन, पोरीला पाठवू नको म्हणून सांग की दिराला."

"कशाच्या जोरावर सांगू, आक्का?" तिनं मान वर केली नाही. "ती हसली ना. सगळ्यांनी ऐकलं."

जाईनं आईकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मला आवडेल तिकडं." आणि तिनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या. पुढं टेबल, त्यावर हिरवं कापड, पितळी घंटा, आणि पुरावा म्हणून काळूरावाची पुस्तकं एकावर एक रचलेली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मुलांची पुस्तकं, पण मुलांना आत यायची बंदी. ती बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना माकडांसारखी लटकलेली. त्यांत जाईही होती. शालनला मात्र विश्वनाथशेठनं मुद्दाम आणून बायकांत पुढच्या रांगेला बसवलं होतं, आईचीही संमती आहे हे दिसावं म्हणून.

सातातली सहाच पुस्तकं टेबलावर होती.

"चौथा भाग कुठाय?" पाटणकर सरांनी विचारलं.

ग्रंथपाल बर्गे घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरसाहेबांकडं आहे. पाच महिने झाले."

"मुलं नेतात हो," पहिल्या रांगेतले डॉक्टर म्हणाले.

"साहेब, आपली मुलं अमेरिकेत आहेत," बर्गे म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मग अभिप्राय सुरू झाले. महिला मंडळाच्या कुंदाताई उठल्या. "मी ही पुस्तकं वाचलेली नाहीत, आणि वाचणारही नाही. पण मुखपृष्ठावर कावळा आहे. मुलांच्या पुस्तकावर ससा चालत नाही का?"

टाळ्या पडल्या.

एक वकील उठले. "मीही वाचलेली नाहीत. पण माझ्या नातवानं परवा मला विचारलं, आजोबा, तुम्ही गेल्यावर कावळ्याला किती वेळ लागेल? हे विचारायचं वय आहे का?"

"कुनाचं? त्याचं का तुमचं?" मागून इसाक टेलर म्हणाला. लोक हसणार होते, पण सरांनी घंटा वाजवली.

"इसाकभाई, तुम्हाला बोलायचं असेल तर रीतसर बोला."

"रीतसर बोलतो. माझी तिघं पोरं एकच पुस्तक एका वेळी वाचतात, डोस्क्याला डोस्कं लावून. तेवढा वेळ घरात मारामारी होत न्हाई. माझा अभिप्राय एवढाच. आनखी सात भाग मागवा."

त्याला टाळ्या पडल्या नाहीत. पुढं एकानं सांगितलं की मृत्यूची चेष्टा ही आपली संस्कृती नव्हे. शिमग्याला तोच गावच्या पुढाऱ्याची तिरडी काढायचा आणि पुढं बोंब मारत चालायचा. दुसऱ्यानं सांगितलं की मुलांना मरण माहीतच असू नये. त्याच्या घरी कोंबड्यांचं खुराडं होतं आणि रविवारी सुरी तोच चालवायचा. कुणालाच स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वाचता आलं की माणूस शहाणा होतो असं मला वर्गात सांगितलं होतं. त्या दुपारी त्या सभागृहात सगळे वाचता येणारे बसले होते.

मग विश्वनाथशेठ उठला. डोळ्यांना रुमाल लावला. "मी काय बोलू? तुम्ही सगळे घाटावर होता. माझ्या भावाच्या पिंडासमोर त्याची पोर हसली. कावळा शिवला नाही. त्याचा आत्मा अजून तिथंच घुटमळत असेल. गावानं सांगावं, अशा पोरीला वळण लावायला नको का? गाव म्हणेल ते मी करीन."

खिडकीत जाईनं गज घट्ट धरले होते.

"आता," पाटणकर सर म्हणाले, "आपल्या वाचनालयाचं भूषण, नवसाक्षर हौसाबाई स्वतः लिहिलेला अभिप्राय स्वतः वाचून दाखवतील."

मी उठून टेबलाशी गेले. कागद उलगडला. वर्तमानपत्रवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. मी कागदाकडं बघितलं, आणि मला एक अक्षर लागेना.

सरांचं अक्षर वळणदार म्हणून गावात प्रसिद्ध. एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या मानेत, रेघ इकडून तिकडं पळालेली. मला अक्षरं आली ती छापलेल्या पुस्तकातून. सुटी, ठसठशीत, आपापल्या जागी उभी. माणसांच्या हाताचं मला कुणी वाचायला शिकवलंच नव्हतं. अन्‌ सरांनी चाळीस वर्षं शाळा चालवली, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"वाचा," सर कुजबुजले.

"सर, ह्ये मला येत न्हाई."

"म्हणजे? तुम्हाला तर वाचता येतं!"

"छापलेलं येतं. ह्ये गांडुळं सोडल्यावानी दिसतंय."

मागं खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले. कॅमेरावाला वाट बघत होता. ते घाईनं म्हणाले, "बरं, मग छापलेलं काहीतरी वाचा. फोटोपुरतं. काहीही."

टेबलावर छापलेलं एकच होतं. मी वरचं पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचू लागले. मी तेव्हा एकेक शब्द सोडवून वाचायचे, भुईमुगाची शेंग फोडावी तसा.

"भोपळे... साहेब... स्वतःच्या... सत्काराची... कमान... अंगावर पडून... वारले."

मुलं खिडकीत खुदखुदली.

"पुरे, पुरे, फोटो झाला," सर म्हणाले.

पण एक शब्द सुटला की पुढचा सोडवल्याशिवाय मला राहवत नसे. आणि खरं सांगायचं, साठ वर्षांत पहिल्यांदा मी असं काही वाचत होते ज्यात हात धुवायचे नव्हते.

"घाटावर... सगळे जमले. काळूराव... खालच्या फांदीवर... बसला होता. त्याचा एक... नियम होता. पिंडासमोर कुणी... खोटं वचन दिलं... की काळूराव... एक फांदी वर."

सभागृहात हालचाल थांबली. मला ते आधी कळलं नाही. माझं लक्ष बोटाकडं होतं.

"थोरला मुलगा... म्हणाला, बाबा, आईला... काही कमी पडू... देणार नाही. काळूराव एक फांदी वर. मुलगा म्हणाला, बाबा... धाकट्याला... पोटच्या पोरासारखा... सांभाळीन. काळूराव... आणखी एक फांदी वर."

आता मी स्वतःच थांबले. मान वर केली. घाटावर असलेला प्रत्येक माणूस त्या खोलीत होता, आणि प्रत्येकजण विश्वनाथशेठकडं बघत होता. शेठ रुमालाची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

"बाई, बसा आता," सर म्हणाले. त्यांचा हात घंटेकडं गेला.

"एवढी वळ वाचते," मी म्हणाले आणि वाचली. "काळूराव म्हणाला... बाळ, आता शेंडाच उरला. आणखी एक... वचन दिलंस तर... मला ढगावर... बसावं लागेल."

आधी नाकातून फुस्स झालं. मग तांब्या घरंगळला, पायरीवरून पायरीवर, आणि शेवटी उचकीसारखा तो आत ओढलेला श्वास.

ते हसू बायकांच्या पुढच्या रांगेतून आलं होतं.

शालननं पदर तोंडाशी नेला, पण उशीर झाला होता. दार ढकलून जाई व्हरांड्यातून आत धावली. माणसांच्या पायांतून, मांड्यांवरून, पार टेबलापर्यंत.

"मी हसले! काका, मी हसले! आई नाही हसली, मीच!"

ती बाहेर होती, खिडकीला लटकलेली. सगळ्यांनी बघितलं होतं. तरी ती सांगत राहिली, "मीच, मीच," आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

शालन उठली. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बसूनही मोठ्यानं बोलत नसे. ही उभी राहिली.

"गप, जाई. तू तिकडं होतीस." मग दिराकडं वळून म्हणाली, "भाऊजी, आत्ता मी हसले. दहाव्यालाही मीच. हिनं ते अंगावर घेतलं, आणि मी गप्प राहिले."

"नवऱ्याच्या पिंडासमोर?" शेठचा आवाज चिरकला. "लाज नाही वाटली?"

"संध्याकाळी मी भाकऱ्या करायचे आणि ते चुलीशी बसून हे वाचायचे, आम्हा दोघींना. तुम्ही घाटावर बोलायला लागलात आणि तो खरोखरचा कावळा वर वर जायला लागला. तिसऱ्या फांदीला मला वाटलं, हे शेजारी उभे आहेत आणि मला कोपर मारतायत. हसू आलं. दहा दिवसांत रडू आलं नव्हतं ते त्या रात्री आलं."

"ऐका, ऐका मंडळी, बाई काय बोलते ते!"

"आणि गावानं म्हटलं तर वळण लावायला न्यायचं ना? मग सोमवारी मला न्या. तिथं माझ्या मापाचा गणवेश मिळतो का तेवढं विचारून घ्या. पोर घरी राहील."

"जागा असली तर माझंबी नाव घाला," बायकांतून कासाराची म्हातारी म्हणाली. "मी नवऱ्याच्या बाराव्याला हसले हुते. पर तवा पुस्तकं नव्हती, मग दोष कुनाला देनार?"

आता सगळं सभागृह हसलं. कुंदाताईसुद्धा हसल्या, मग त्यांना आठवलं आणि त्या थांबल्या. सरांनी घंटा वाजवली, वाजवतच राहिले. "विषयपत्रिकेला धरून बोला! ठराव मताला टाकतो. ही पुस्तकं मुलांना देऊ नयेत. हात वर करा."

हात वर झाले. भराभर, पुष्कळ. डॉक्टरांचाही. इसाकचा आणि बर्ग्यांचा सोडून जवळजवळ सगळ्यांचे. पुस्तकं उलटून बोलत नाहीत, त्यांच्याविरुद्ध हात वर करायला काही लागत नाही.

"आणि आता," विश्वनाथशेठ म्हणाला, "पोरीचं काय ते सांगा. गावानं सांगावं."

गाव सतरंजीच्या रेघा बघू लागलं. वकिलांना बाहेर काम आठवलं. पाटणकर सर कागद गोळा करू लागले. शेठ एकेकाच्या तोंडाकडं बघत होता आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

"शेठ," शेवटी इसाक म्हणाला, "डोळ्याआड होऊ देनार न्हाई असं आम्हाला तर ऐकू आलं होतं. तुम्ही काय म्हनला होता?"

विश्वनाथशेठनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पोरं, बायका, म्हातारे, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, पुढं काय येतं ते ऐकायला. त्यानं तोंड मिटलं, चपला शोधल्या आणि तो निघून गेला. त्यातली एक चप्पल दुसऱ्या कुणाची होती, हे त्याला चौकात गेल्यावर कळलं असावं.

सोमवारी कुणीच कुठं गेलं नाही. शालन सकाळी डोक्यावर पदर घेऊन दुकानात जाऊन बसली आणि दिरानं तिला उठ म्हटलं नाही. त्याच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा नव्या जोडप्यासाठी त्यांनी माळ्यावरची अडगळ काढून जागा केली. वरची खोली जाईचीच राहिली.

ह्याला आता वीसेक वर्षं झाली. ठरावाप्रमाणं ती पुस्तकं कपाटात बंद झाली आणि किल्ली बर्ग्यांकडं राहिली. बर्गे विसराळू होते. पोरं दुपारी यायची, तेव्हा कपाट नेमकं उघडंच राहिलेलं असायचं. मीही तिथूनच सातही भाग वाचले. एक भाग संपवायला मला महिना लागे. पाटणकर सरांना ते माहीत होतं. ते कपाटाकडं पाठ करून बसायचे. चौथा भाग डॉक्टरांनी परत केला तो ते वारल्यावर.

संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन आळीतून जाताना मायलेकींचं हसू रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. आधी एकीचं नाक फुस्स व्हायचं, मग दुसरीचं. ओट्यावर बसलेली माणसं म्हणायची, विधवेच्या घरात एवढं काय हसायचं असतं.

म्हणोत.